बिनमिठाचं पान

या सदरातले अनुभव मी सेंटरमध्ये पडल्यापडल्या वाचत होते. खरं सांगते, निम्मे मला खोटे वाटले. पांढऱ्या साडीतली बाई रस्त्यात उभी होती, मागे वळून पाहिलं तर कोणी नाही... मी चौथीपर्यंतच शिकले, पण इतकं कळतं की रस्त्यात बाई दिसली तर ती कुठल्या तरी गावची असणार, आणि नंतर दिसली नाही तर ती आपल्या घरी गेली असणार.

माझं सगळं आयुष्य जंगलाच्या कडेला गेलं. मोहफुलं वेचायला पहाटे उठून गेले. वाघ जवळ असला तर वासावरून ओळखते. पण भूत कधी आडवं आलं नाही. नवरा गेला, त्याचाही कधी भास झाला नाही. जिवंतपणी तो घरी नसायचा, मेल्यावर कशाला येईल?

तरी लिहिते आहे. कारण जे झालं ते मला दिसलं नाही की ऐकू आलं नाही — ते माझ्या तोंडात झालं.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पुढे, जंगलाला लागून. नाव लिहीत नाही, तिथे अजून राहायचं आहे. घर आधी एकच होतं, मग दोघा भावांनी मधे भिंत घातली. भिंतीच्या या बाजूला मी, त्या बाजूला माझी धाकटी जाऊ गिरजा आणि तिची पोरं. दोघींचे नवरे गेले, भिंत तशीच आहे. भांडण भिंतीचं नव्हतं, मोहाच्या झाडाचं होतं. झाड माझ्या वाट्याला आलं आणि त्याची अर्धी फुलं पडायची तिच्या बांधीत, म्हणजे धानाच्या तुकड्यात. त्यावरून बोलणं बंद झालं ते झालंच. तिच्या हाताला मीठ नाही, हे मात्र मी ती लग्न होऊन आली तेव्हापासून म्हणत आले. तिला ऐकू जाईल असंच म्हणत आले.

मागच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी चालू असताना, मी बांधीच्या कडेच्या पाळीवरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई घातली. टाके सुकले की घरी नेतील असं मी धरून चालले होते. माझा मुलगा दिवाकर चंद्रपूरलाच एका ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. तो येऊन म्हणाला,

"माय, थोडे दिवस सेंटरमधी राह्य."

"कोनतं सेंटर?"

"दवाखाना बी नाई, घर बी नाई. मधातलं हाये. तिथी चालाले शिकवतात."

"मले येते चालता. वर्षाची होती तवाच शिकली."

"आता नाई येत," तो म्हणाला.

ते खरंच होतं.

सेंटर म्हणजे मूल गावाकडे जाणाऱ्या रोडवरचं एक बंद पडलेलं मंगल कार्यालय. लग्नाचा हॉल पडदे लावून कापला होता आणि प्रत्येक कापात एक खाट. कोणाचा पाय मोडलेला, कोणाचं अर्धं अंग गेलेलं. दवाखान्याने सोडलेली आणि घरच्यांनी अजून न घेतलेली माणसं. जिथे नवरानवरी बसत असतील त्या स्टेजवर व्यायामाचे दोन लोखंडी दांडे लावले होते, आणि मागच्या भिंतीवर थर्माकोलचे मोर तसेच होते. आल्या दिवशी तिथल्या कामाच्या पोरीने मला डायपर बांधला. मला लघवी कळत होती, सांगताही येत होती. पण भांडं द्यायला बाई लागते आणि डायपरला लागत नाही. "सगळ्यांनाच बांधतो आजी," ती पोरगी म्हणाली. जणू त्याने माझं समाधान व्हावं.

दिवाकरने तिथल्या डॉक्टरसमोर मला स्पष्ट सांगितलं. स्टेजच्या पायऱ्या कोणाचा हात न धरता चढून उतरून दाखवल्या, तर गावाला. आमच्या घराच्या ओट्यालाही तेवढ्याच पायऱ्या आहेत.

"अन् नाई जमलं तं?"

"नागपूरले एक चांगला वृद्धाश्रम पाह्यला हाये."

त्याच्या फ्लॅटचं नाव कोणी काढलं नाही. सून बाजूला उभी राहून मोबाइल बघत होती.

मला चालायचं होतंच. पण पायात जोर यायला पोटात काही जावं लागतं, आणि ऑपरेशननंतर माझ्या तोंडाची चव पार गेली होती. तिखट नाही, गोड नाही, काहीच नाही. वरण म्हणजे कोमट पाणी, भात म्हणजे ओला कापूस. तोंडात घोळवायचा, गिळायला जायचं की उमासा यायचा. ताट परत जायचं. डॉक्टर म्हणाला, औषधांमुळे होतं, येईल चव. कधी येईल ते त्यालाही माहीत नव्हतं.

व्यायाम घ्यायला रुबिना मॅडम होती. चंद्रपूरचीच, तरणी, तोंडाने फटकळ. माझं तिच्याशी जमलं, कारण ती "अरे व्वा, खूप छान" असं खोटं बोलत नव्हती. दोन पावलांत माझे पाय लटपटले की म्हणायची, "आजी, गाडीत डिझेलच नाही. मी धक्का किती मारू?"

"मंग राहू दे गाडी इथीच."

"इथं नाही राहत गाडी. नागपूरला जाते. सोच लो."

दर आठवड्याला खुर्चीच्या काट्यावर बसवून वजन घ्यायचे. ते उतरतच होतं. शेवटी डॉक्टरने सांगितलं की असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. नळी घातलेली बाई पायऱ्या चढत नाही. मी मनातल्या मनात नागपूर धरून चालले.

मग एक दुपार आली. मी दांड्यांच्या मधे उभी होते, दोन्ही हातांनी धरून. रुबिना समोर. आणि एकदम माझं तोंड भरलं.

भरलं म्हणजे चव आली. वास्त्याची भाजी. शहरातल्यांसाठी सांगते, वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात निघतात, चिरून पाण्यात ठेवतात, थोडे आंबतात, मग भाजी. ती आंबूस चव, दाताखाली होते ती करकर, वरून लसणाची फोडणी — सगळं. मी घाबरून जीभ फिरवली. तोंडात काही नव्हतं. तरी मी चावत होते. तोंडाला पाणी सुटलं, गिळलं, आणि ते गरम गरम पोटात उतरलं.

रुबिना हवेत हुंगत इकडेतिकडे बघत होती. "ये बास कैसा आ रहा है?" मग माझ्या तोंडाशी वाकली. "आजी! वास्ते खाल्ले तुम्ही? मेरी नानी मूल की थी, मला ओळखू येतो हा वास. कोणी आणून दिले?"

"कोन आनन? माह्याकडं येते कोन?"

तिने माझी खाट पाहिली, उशी उचलून पाहिली, स्वयंपाकघरात जाऊन आली. तिथे दुधीची भाजी आणि वरण होतं. परत येऊन पुन्हा माझ्या तोंडाशी वाकली.

त्या दिवसापासून रोज दुपारी हेच. कधी झिंगे घातलेलं वांगं, कधी लाखोरीची डाळ, कधी नुसती ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. कधी लवकर, कधी उशिरा. रोवणीच्या दिवसांत घरी परतायची जशी वेळ धरलेली नसते, तसं. समोर सेंटरचं ताट असायचं, त्याला चव नव्हतीच, ते मी तसंच परत करायचे. पण पोट भरलेलं असायचं. ढेकर यायची! रुबिना रोज विचारायला लागली, "आज क्या मेन्यू?" आधी हसून, नंतर हसायची थांबली.

एक दिवस आलं ते वांगं अळणी होतं. एक कण मीठ नव्हतं. मी दांड्यांपाशी उभ्या उभ्या म्हणाले, "आज कोन मेलीनं रांधलं? मीठच नाई." रुबिनाने ते ऐकलं, म्हणून इथे लिहिते. ती साक्षीला आहे.

काट्यावर वजन वाढलं. डॉक्टरने काटा बदलून आणला, तरी वाढलंच. परत गेलेली ताटं तर सगळ्यांना दिसत होती. तो म्हणाला, "सूज असेल." माझ्या पायावर सूज नव्हती. त्याने पाय पाहिलेच नाहीत. चवीचं विचारलं तर म्हणाला, मेंदू जुनी आठवण काढून देतो कधी कधी. असेलही. पण आठवणीने वजन वाढतं काय, हे विचारायच्या आत तो पुढच्या खाटेला गेला.

पोळा झाला त्यानंतर काही दिवसांनी, त्या मोरांच्या समोर, मी स्टेजच्या पायऱ्या चढले आणि उतरले. हात धरला नाही. रुबिनाने टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसतं म्हणाली, "जाओ आजी. परत येऊ नका." दिवाकरला फोन गेला. तो खूश दिसला नाही, पण शब्द चारचौघांत दिलेला होता.

त्याच्या गाडीतून गावात आलो तेव्हा दुपार होती. मी वॉकर टेकत अंगणात उतरले. गिरजा तिच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. तिने वर पाहिलं. सूप हातातून सुटलं, तांदूळ अंगणभर. उठून भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि ओरडली,

"रोज तं वाढलं वो तुले! पोट नाई भरलं काय? काऊन आली आता?"

एवढ्या वर्षांनी ती माझ्याशी बोलली, ती हे बोलली.

शेजारपाजारची माणसं धावली. शेजारचा मारोती कुंपणापाशी येऊन थांबला, पुढे येईना. दिवाकर चिडला. "काय लावलं काकी? माय हाये. सेंटरमधी होती."

"कोनतं सेंटर?" मारोती म्हणाला.

मग हळूहळू कळलं ते असं. मारोती डोळे दाखवायला चंद्रपूरला गेला होता, तेव्हा मला बघायला दवाखान्यात आला. माझ्या खाटेवर दुसरी बाई. नर्सने सांगितलं, त्यांना सोडलं. तो गावात परत आला, तर मी घरी नाही. त्याच सुमारास दिवाकर माझी लुगडी आणि आधार कार्ड घ्यायला येऊन गेला होता. सगळं गाव रोवणीला, कोणाला भेटला नाही. संध्याकाळी लोकांनी पाहिलं तर दोरीवरचे कपडे नाहीत आणि दाराला कुलूप. आमच्या गावाला दवाखान्यातून बाहेर पडायच्या दोनच वाटा माहीत. एक घरी येते, दुसरी मसणात जाते. तिसरं काही असतं, पडदे लावलेलं मंगल कार्यालय असतं, हे त्यांना कोण सांगणार? काही आठवडे वाट पाहिली, पोराने फोन उचलला नाही. लोकांनी धरलं की म्हातारी गेली, पोराने चंद्रपुरातच उरकलं, आणि लाजेने तोंड दाखवत नाही.

"मी कामात होतो," दिवाकर म्हणाला.

आता आमच्या घरची रीत सांगते. मेलेल्याचं कार्य मुलाने गावात येऊन करायचं. ते होईपर्यंत घरातल्या बाईने रोज, आपण जेवायच्या आधी, त्याच्या नावाचं पळसाचं पान अंगणात वाढून ठेवायचं. नाही ठेवलं तर भुकेलं माणूस घरातच फिरतं. भिंतीच्या त्या बाजूला का होईना, घरातली बाई म्हणजे गिरजाच होती. कार्य करायला दिवाकर येईना, त्यामुळे ती ठेवतच राहिली.

दुसऱ्या दिवशी ड्युटी आहे म्हणून दिवाकर लगेच निघाला. लोक पांगले. गिरजा तांदूळ वेचत होती, माझ्याकडे न बघता. मी माझ्या ओट्यावर बसले आणि विचारलं,

"पयल्या दिवशी काय ठेवलं होतं?"

तिने वेचलेले तांदूळ सुपात टाकले. मग, "वास्ते."

"अन् पोळ्याले?"

"वडे केले होते. अन् कढी."

पोळ्याच्या दिवशी रुबिनाला मी तेच सांगितलं होतं.

"गिरजा, एक दिवस वांगं होतं. झिंग्याचं. त्यात मीठ नव्हतं."

तिचे हात थांबले. तिने पहिल्यांदा नीट माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला. "तुले कोनं सांगतलं? पान ठेवल्यावर ध्यानात आलं माह्या. मंग चुलीवरच्या गंजात मीठ टाकलं, अन् तवा आमी जेवलो. पोराईले बी नाई मालूम."

"मंग पानावर काऊन नाई टाकलं?"

"मेलेल्याले काय समजते, म्हनलं," ती म्हणाली. आणि मग, "मेल्यावर बी नावं ठेवतेस वो बाई तू."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

तिनेच पुढे सांगितलं, मी विचारलं नव्हतं. पानावरचं अन्न तसंच राहायचं. कावळा यायचा नाही, कोंबडी चोच लावायची नाही. एवढ्या दिवसांत कोणी शिवलं नाही म्हणून तिने एकदा त्यातला घास उचलून तोंडात टाकला. ज्या गंजातली, म्हणजे पातेल्यातली, भाजी ती नुकतीच जेवली होती, त्यातलीच.

"कशी लागली?"

"कशीच नाई. वला कापूस खाल्ल्यावानी."

हा शब्द मी तिला सांगितलेला नव्हता. तो मी फक्त रुबिनाला सांगितला होता.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. मी घरी आले, ज्यासाठी एवढं केलं ते मिळालं. पण त्या दुपारी गिरजाने पान ठेवलं नाही. कशाला ठेवेल? मी समोर बसले होते. आणि त्या दुपारी माझं तोंड कोरडं राहिलं. दुसऱ्या दिवशीही. स्वतः रांधलं, तिखट घातलं, चिंच घातली. काही नाही. तेव्हापासून आजपर्यंत माझ्या तोंडाला कसलीही चव नाही.

पाय पुन्हा बारीक व्हायला लागले तशी मी भिंतीपाशी गेले. मी कोणाकडे काही मागत नाही. तिच्याकडे मागितलं.

"गिरजा, पान ठेवत जा माह्या नावाचं. थोडंसं."

"जित्या मानसाच्या नावानं पान?" तिने दोन्ही कानांना हात लावले. "मारून टाकू काय तुले? माह्याच्यानं नाई होत, बाई. डोक्यावर पाप काऊन घेऊ मी?"

"मेली समजून तं रोज वाढत होतीस."

"तवा भेव होतं तुहं," ती म्हणाली. "भेवानं वाढलं. मायेनं नाई."

ते मला माहीत होतं. तरी ऐकून घेतलं.

दिवाकर फोनवर विचारतो, "जेवून राह्यली ना?" मी हो म्हणते. त्याच्या डोक्यातून नागपूर गेलेलं नाही. मी पुन्हा पडले की तो एकही पायरी चढायला सांगणार नाही. म्हणून मी जेवते. औषध घ्यावं तसं, नाक दाबून, एकेक घास.

तुमच्यापैकी शिकलेली माणसं लिहितील की हे सगळं मनाचे खेळ. मनाचे तर मनाचे. पण बिनमिठाचं वांगं इतक्या लांब, मूल रोडवरच्या त्या हॉलमध्ये माझ्या तोंडात कसं आलं, ते मला कोणी समजावून सांगावं. मला सापडलं नाही. रुबिनाला फोन करून विचारलं, तिलाही नाही. गिरजाच्या हातचं अन्न मी इतक्या वर्षांत पोटभर जेवले ते तेवढेच दिवस, आणि त्या दिवसांत मी तिच्या लेखी मेलेली होते. याचा अर्थ काय लावायचा, तेही मला कळत नाही.

परवा दुपारी भिंतीवरून एक वाटी आली. आधी वाटी दिसली, मग तिची बोटं. झिंगे घातलेलं वांगं. मी उठून घेतली, ओट्यावर बसले. भिंतीच्या पलीकडे ती उभीच होती, पायांची हालचाल ऐकू येत नव्हती.

"मीठ बरोबर हाये काय?" तिने विचारलं.

मी घास तोंडात घोळवला. ओला कापूस.

"बरोबर हाये," मी म्हटलं.

मग तिची पावलं चुलीकडे गेली. मी वाटी पुसून खाल्ली. पायऱ्या चढायच्या आहेत. त्या भाजीत मीठ होतं की नव्हतं, मला अजून माहीत नाही.